वाघाच्या पंक्तीतले प्रवाळ

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला २००१ साली खडक बांधणारी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखेही येऊन बसले; तेव्हापासून भारतीय समुद्रातून उचललेला त्यांचा तुकडा घरच्या काचेच्या टाकीत ठेवणे कायद्याच्या लेखी दिवाणखान्यात बिबट्या पाळण्यासारखेच ठरते. अशाच टाकीत ठेवला जाणारा ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे मृत प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा, ज्यातील जिवाणू माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्रेट करून पाणी निवळ राखतात. प्रवाळाचाच अवशेष असल्याने तोही या कक्षेतून सुटत नाही. हौशी मत्स्यपालक असा दगड मागताना निदान आवाज तरी खाली आणतो. काळ्या प्रवाळाची किंवा समुद्रपंख्याची वाळलेली फांदी ‘इंद्रजाल’ म्हणून चौकटीत मढवून विकणाऱ्यांना मात्र तेवढाही संकोच नसतो. वास्तूला दृष्ट लागू नये म्हणून भिंतीवर टांगलेली ही वस्तू किमान ३ वर्षांचा कारावास ओढवू शकते, हे ध्यानात घेता तिचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. ग्रहपीडा टळो वा न टळो, गृहस्थाच्या निवासाची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय शासनाकडून परस्पर होते.