परसातलं प्रकरण

ऐकलं का वो? आसेगावात म्हणे आता अंगणात तुळस आन परसात तळं! तळं म्हणजे काय, तर गुरं विकल्यावर रिकामा पडलेला हौद, नाहीतर खड्डा खणून त्यात अंथरलेला शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद. सोयाबीनचा भाव आणि पोरापोरींच्या सोयरिकी असे जिव्हाळ्याचे विषय सोडून पारावर चक्क कुजबुज चालते, "कंदाले कोंब आला का?" कुठल्या कंदाला, म्हणून विचारावं तर उत्तर मिळतं, "ऑनलाइन मागवला." घ्या! घरी शेती आहे, तिच्यात तण मावत नाही, आणि हे पैसे मोजून चिखलातलं रोप घरी आणतात.

पहिला गहजब अर्थातच पाण्यावरून. "उन्हाळ्यात टँकरची वाट पाहाची, आन हे फुलाइले पाणी पाजतात!" एका आजीनं तर कपाळाला हात लावला. पण हिशेब करायला बसलं की गहजबातली हवा जाते. दोन फूट रुंद आणि एक फूट खोल टब काठोकाठ भरला तरी नव्वद लिटरच्या आतच मावतं. त्यातही निम्मी काळी माती. पुढे उन्हानं उडालं तेवढंच पाणी वरून घालायचं. दारातली मोटरसायकल पाइप लावून धुणाऱ्यानं यावर बोलू नये, असं आमचं नम्र मत आहे.

खरी लाज काढणारी गोष्ट वेगळीच निघाली. गेली कित्येक वर्षं ज्याला आपण कमळ कमळ म्हणून हात जोडत होतो, त्यातलं निम्मं कमळ नव्हतंच! पाण्यावर पसरलेलं पान, एका बाजूनं देठापर्यंत चिरलेलं, ते पाणलिलीचं, म्हणजे कुमुदाचं. कमळाचं पान अखंड गोल. देठ त्याला मधोमध खालून चिकटतो, आणि जून पान पाण्याच्या वर छत्री उघडून उभं राहतं. त्यावर थेंब टाका, पारा पळावा तसा पळतो. बरं, दिसायला बहिणी म्हणून नातं तरी असावं? तेही नाही. लिली ही फुलझाडांच्या अगदी जुन्या शाखेतली. कमळाचं जवळचं गोत्र निघालं ते चिनारासारख्या झाडांशी. जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशिमला, साक्षात पद्मतीर्थ आहे. तिथल्या लोकांना तरी हे आधी कळायला नको होतं?

त्यातून 'निळ्या कमळाचं बी' विकणाऱ्यांनी तर कहर केला. फोटोत मोरपिशी फूल, पाकिटात दहा दाणे, आणि भाव असा की तेवढ्यात आठवड्याचा भाजीपाला यावा. खऱ्या कमळाच्या जगात दोनच जाती: आपली आशियातली, गुलाबी किंवा पांढरी, आणि अमेरिकेतली, पिवळी. संकर करा, छटा काढा, पण निळं त्यात बसत नाही. निळं फुलतं ते लिलीत. उपासाच्या ताटातला मखाणाही कमळाचं बी नव्हे बरं का. तो बिहारकडच्या तळ्यांतल्या काटेरी पानांच्या वनस्पतीचा, आणि ती पुन्हा लिलीच्याच घराण्यातली. इतक्या एकादश्या झाल्या, कोणी बोललं नाही!

आता जरा पोराबाळांना आत पाठवा, कारण परसातल्या पाण्यात जे चालतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. कमळाचं फूल पहिल्या दिवशी मादी असतं, दुसऱ्या दिवसापासून नर. एवढ्यावर भागत नाही. ते स्वतःला तापवतं. बाहेर दहा अंशांची थंडी असो की तिशीची ऊब, फुलाच्या पोटात तीस ते छत्तीस अंश. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या बागेत हे मोजून छापलं गेलं. त्या उबेला भुंगेरे येतात, रात्रभर आत राहतात, आणि सकाळी अंगभर पराग माखून निघतात. भुंगा कमळात अडकल्याच्या गोष्टी जुन्या कवींनी नुसत्या कल्पनेनं लिहिल्या असं वाटत होतं. त्यांचं पाहणं पक्कं होतं म्हणायचं.

लिलीचं वागणं याहून वाईट. तिच्या काही जातींत पहिल्या दिवशी फुलाच्या मधोमध पातळ रस साठतो. पाहुणा घसरून पडतो, त्याच्या अंगावरचे पराग धुऊन निघतात आणि कधीकधी बिचारा तिथेच बुडून मरतो. तळाशी वाढणाऱ्या पट्टीसारख्या पानांच्या व्हॅलिस्नेरियाची तर तऱ्हाच न्यारी. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या वर येऊन वाट बघतं. इवलाली नरफुलं तळाशी देठ तोडून सुटतात आणि तरंगत तिच्याकडे निघतात, ना वाजंत्री ना मुहूर्त. काम झालं की तिचा देठ स्प्रिंगसारखा वळत जातो आणि फळासकट तळाला ओढला जातो. लग्न पाण्यावर, बाळंतपण पाण्याखाली!

आणि ती पिवळ्या नाजूक फुलांची, मुळं नसलेली तरंगती वनस्पती? पानांना बारीक पिशव्या दिसल्या की समजा, मांसाहारी आहे. पाण्यातल्या किड्यानं पिशवीच्या दाराचा केस हलवला की दार उघडून मिटायला डोळ्याची पापणीही लवत नाही. तिच्याच कुळातल्या कास पठारावरच्या निळ्या-जांभळ्या फुलांना लोक 'सीतेची आसवं' म्हणतात. आसवं कसली, खाली सापळे आहेत!

म्हाताऱ्या मंडळींचं मात्र वेगळंच. "तुमचं तळं नवं, आमची मोरी जुनी," असं एकीनं सुनावलं. खरंच आहे. सांडपाण्यावर धोप्याची पानं होती, त्यांच्या वड्या सगळ्यांनी खाल्ल्या. ओलीत वेखंड होतं, ते बाळाला उगाळून लावलं. त्याला कोणी छंद म्हटलं नाही. नव्या छांदिष्टांनी मात्र वेखंड म्हणून पाणकणीस लावून ठेवलं. दोन्हींची पानं तलवारीसारखी, पण पान चुरगाळून नाकाशी न्या: वास आला तर वेखंड. पाणकणसाला तो वास नाही; हाव मात्र आहे, दोन पावसाळ्यांत सगळा काठ त्याचा. ब्राह्मीच्या नावानंही असाच घोळ. बारीक, मांसल, चमच्यासारखी पानं आणि फिक्कट फूल ती जलब्राह्मी; गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं ती मंडूकपर्णी. घरोघरी दोघींचं नाव एकच, आणि घालणारे कोणतीही तेलात घालतात.

तेवढ्यात गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई येऊन गेल्या. तळ्यांवरचा त्यांचा संताप मात्र खोटा नव्हता. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ती अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन् महिने टिकतात. म्हणून तळं हवं तर त्यात गप्पी मासे हवेतच. पण ते टबातच राहू द्यावेत. परदेशातून आणलेले डासखाऊ मासे ओढ्यात सोडले की ते देशी माशांची पिल्लं आणि बेडूकमासेही फस्त करतात.

लावणीबद्दल गावात जेवढी तोंडं तेवढे गुरू. त्यांतलं खरं तेवढं सांगतो. टबाला भोक नको. माती कपाशीची, काळी, चिकट; कुंडीतलं नारळाच्या काथ्याचं मिश्रण घातलं तर ते तरंगतं आणि सोबत अब्रूही. शेण पुरतं कुजलेलं, मूठभर आणि तळाशी. ताजं घातलं तर पाणी हिरवं होऊन वास शेजारी जातो. कंद आडवा ठेवायचा, कोंब मोडायचा नाही. रोज सहा तास ऊन. बी लावणार असाल तर आधी एक टोक पॉलिश पेपरवर घासून आतलं पांढरं दिसू द्यायचं, मग कोमट पाण्यात ठेवून पाणी रोज बदलायचं. न घासता टाकलं तर बी आपल्या सवडीनं उठतं. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यात सापडलेलं कमळाचं बी तब्बल तेराशे वर्षांनी रुजलं. त्यामुळे आठवडाभरात पाकीटवाल्याला शिव्या घालणाऱ्यांनी थोडं दमानं घ्यावं.

इथवर सगळी मौज. पण या प्रकरणात एक खरा गुन्हेगारही आहे, आणि तो सगळ्यांत देखणा आहे: जलपर्णी. जांभळी फुलं, फुगीर देठ, आणि फुकट! कोणी तरी "घे ना बाई एक रोप" म्हणून देतं. मानवेल तिथे दोनेक आठवड्यांत दुप्पट. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या या पाहुणीनं बंगालची तळी आणि नद्या अशा व्यापल्या की 1936 साली तिच्या नायनाटासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे उजनीपासून पंचगंगेपर्यंत ती ठाण मांडून आहे. वाशिम जिल्हा तर पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला: इकडचं पाणी अरुणावती, अडाणमधून पैनगंगेला आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला, तिकडचं काटेपूर्णेतून पूर्णा, तापी आणि अरबी समुद्राला. एका परसातून दोन समुद्र नासवायची सोय!

आपल्याला हे नवं तरी कुठे आहे? नाल्याकाठची बेशरम अशीच बाहेरून आली, फांदी फेकली तिथे रुजली, आणि शेळीही तोंड लावीना. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढीवर समाजातल्या बायांनी ती उपटली आणि तिच्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत यावेत म्हणून. कोणती वनस्पती माशाच्या खाण्याची, कोणती अंडी घालण्याची, हे त्यांना पिढ्यांचं ठाऊक. ऑनलाइन कंद मागवणाऱ्यांनी शिकवणी लावायचीच तर तिकडे लावावी.

तेव्हा आसेगावकरांनो, तळी खणा, खुशाल खणा. आम्हाला बोलायला विषय मिळतो. फक्त नाव कळल्याशिवाय रोप घेऊ नका आणि देऊ नका. चुकून जलपर्णी घरी आलीच असेल तर ती उन्हात खडखडीत वाळवा. प्रकरण दाबायचंच असेल तर ते खताच्या खड्ड्यात दाबा, नाल्यात सोडू नका.