पळणाऱ्या पोरीच्या बापासाठी नियमावली

सदर नियमावली अमेरिकेत राहणाऱ्या, मुलगी बारावीत असलेल्या आणि ती मुलगी क्रॉस कंट्री पळत असलेल्या मराठी बापांसाठी आहे. असे बाप आमच्या एडिसनमध्ये माझ्यासकट दोनच सापडले, आणि दुसऱ्याचं सगळं ठरून गेलेलं आहे. तरीही नियम असावेत. आयुष्यात फक्त पीएमटीच्या मागे पळालेल्या माणसाला आधार लागतो.

नियम १. नातेवाइकांना कॉलेजचं नाव सांगू नये.

छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं म्हणजे पंधराशे-दोन हजार मुलं, गावाबाहेरचं गाव, आणि तास स्वतः घेणारे, वर तुमचं नावही लक्षात ठेवणारे प्राध्यापक. जुनी म्हणाल तर इतकी, की १७९३ साली विल्यम्स सुरू झालं तेव्हा शनिवारवाड्यावर सवाई माधवराव नांदत होते. हे सगळं मी कोथरूडच्या ताईला, म्हणजे लेकीच्या आत्याला, फोनवर सांगितलं.

"विल्यम्स? सुनीताचं का?"

मग मी स्वॉर्थमोरचं नाव घेतलं. "अरे, कॉलेजच्या नावातच स्वार्थ?" शेवटी ‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द निघाला. पलीकडे जरा शांतता. मग, कुणी आजारी असल्यावर काढतात तो आवाज काढून ती म्हणाली, "सायन्सला नाही का रे मिळालं?" तिथे फिजिक्स आहे, गणित आहे, कॉम्प्युटर आहे, असं मी तिला पटवत राहिलो. "मग आर्ट्स कशाला म्हणतात?" याचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही.

नियम २. फुकटाची आशा सोडावी.

ही कॉलेजं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, डिव्हिजन थ्रीमध्ये मोडतात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. थोडी नसते असं नाही, नसतेच. वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे, आणि सवलत मिळते ती घरची मिळकत बघून, पोरीच्या पायांकडे बघून नव्हे. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. कोचशी पहिलं बोलणं होण्याआधी नवराबायकोने बसून तो भरावा. भरून झाल्यावर थोडा वेळ एकमेकांशी बोलू नये.

मग चार वर्षं पहाटे साडेपाचला उठून मिळवायचं काय? तर प्रवेश समितीपुढे कोचने टाकलेला शब्द. जिथे दहातल्या नऊ मुलांना दारातून परत पाठवतात, तिथे हा शब्द सोन्याचा. पण सोनं आहे की मुलामा, ते ओळखायला पुढचा नियम.

नियम ३. कोचची भाषा शिकावी.

‘आमचं तुझ्याकडे लक्ष आहे’ म्हणजे अशा चाळीसजणींकडे लक्ष आहे. ‘आमच्या कॅम्पला ये’ म्हणजे कॅम्पची फी भर. ‘तुझे मार्क पाठव, प्रवेशवाल्यांना दाखवतो’ हे पहिलं कामाचं वाक्य. अकरावी संपल्यावर जुलैत हे होतं. पत्रिका बघण्यातलाच प्रकार. जुळली तर कोच पुढे सरकतो. मात्र शेवटचा प्रश्न मुलीने स्वतः, तोंडाने, स्पष्ट विचारायचा: "मी अर्ली डिसिजनने अर्ज केला, तर तुमच्या यादीत माझं नाव असेल का?" कारण अर्ली डिसिजन म्हणजे शब्द दिला की दिला, प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. उत्तरात ‘नक्कीच आवडेल’, ‘बघू या’, ‘सगळं छान चाललंय’ असं काही आलं, तर ते नाही समजावं.

एका कॉलेजच्या कोचने उन्हाळाभर आम्हाला गोड पत्रं लिहिली. नाव घेत नाही. लेकीच्या प्रत्येक शर्यतीनंतर दोन तासांत अभिनंदन. ऑगस्टमध्ये हा प्रश्न विचारला आणि गृहस्थ जे गप्प झाले ते झालेच. तीन आठवडे पोरगी जेवताना फोन उपडा ठेवायची. ‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? मी त्यांच्या वयाचा असून सांगतो, ही रीत नव्हे. असो. नियमावलीत राग येऊ नये.

नियम ४. शुभंकरावरून कॉलेज निवडू नये. विल्यम्सची जांभळी गाय, कोल्बीचं खेचर, हॅवरफर्डची काळी खार. झालं.

नियम ५. संघाची यादी उलटी वाचावी.

हा नियम मात्र गंभीरपणे घ्या. प्रत्येक संघाची यादी साइटवर असते, मागच्या वर्षांच्याही असतात. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती मुली होत्या आणि आज चौथ्या वर्षाला त्यातल्या किती उरल्या, एवढंच मोजायचं. आठातल्या सात उरल्या तर ठीक. आठातल्या दोन उरल्या तर बाकीच्या सहा कुठे गेल्या, हे कोचला नाही, त्या दोघींना विचारावं. शिवाय जीवशास्त्र घेतलेल्या एखादीला गाठून विचारावं, की दुपारचं प्रॅक्टिकल आणि सरावाची वेळ एकच आली तर काय करतेस? कोच म्हणतो, जमतं. ती थोडं थांबून बोलते. त्या थांबण्यात माहिती असते.

नियम ६. भेटीच्या वेळी बापाने तोंड उघडू नये.

हा मी मोडला, हॅवरफर्डला. फिलाडेल्फियाच्या बाहेर, घरापासून दीड तास. हिरवीगार झाडी, बदकांचं तळं, आवाराभोवती सव्वादोन मैलांची पायवाट. आणि बघतो तर काय, क्रिकेटचं मैदान! या अख्ख्या देशात क्रिकेट हा अधिकृत कॉलेजसंघाचा खेळ असलेलं हे एकमेव कॉलेज. ग्रंथालयात क्रिकेटच्या पुस्तकांचा वेगळा संग्रह. कोच २०१० साली त्यांच्या मुलांच्या संघाने क्रॉस कंट्रीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवल्याचं सांगत होता आणि मी त्याला विचारलं, "खेळपट्टी मातीची की मॅटिंगची?" लेकीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर तिच्या आईची आहे.

पुढे एका विद्यार्थिनीने सांगितलं की इथे परीक्षेला वर्गात पर्यवेक्षक नसतो. अंतिम परीक्षा कधी द्यायची तेही मुलंच ठरवतात. हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझी दहावी भरारी पथकाच्या जीपचा आवाज ऐकत गेली आहे.

नियम ७. पाय मोडला असं धरून चालावं.

दहावीत लेकीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. सहा आठवडे गुडघ्यापर्यंतचा काळा बूट. होमडेल पार्कच्या शर्यतीला ती माझ्या शेजारी दोरीबाहेर उभी होती. ‘बोल’ म्हणतात त्या खोलगट चढावरून मैत्रिणी धापा टाकत वर येताना ही नावं घेऊन ओरडत होती, आणि घरी येताना गाडीत एक अक्षर बोलली नाही. तेव्हा कॉलेज असं हवं, की उद्या पळणं थांबलं तरी पोरीला तिथे राहावंसं वाटेल. हे सगळे कोचसुद्धा सांगतात. कसं ओळखायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

तिने ओळखलं. रात्रभर संघातल्या मुलींच्या खोलीवर राहून सकाळी आली, स्पाइक्स चिखलाने भरलेले. (ते जुन्या टूथब्रशने साफ करणं हे माझं खातं. या नियमावलीतलं तेवढंच मला खरं येतं.) गाडीत बसल्यावर मी नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. टर्नपाइकला लागल्यावर तीच म्हणाली, "बाबा, तो काळा बूट घातलेली एक मुलगी होती. जेवताना टेबलाच्या मधोमध बसलेली. सगळ्यांत जास्त तीच बोलत होती."

एवढंच. पंधरा नोव्हेंबरच्या आत अर्ज गेला, डिसेंबरच्या मध्याला होकार आला.

नियम ८. कॉलेजचं नाव नातेवाइकांना सांगावं लागलंच, तर लिहून सांगावं.

मी फोनवर सांगितलं. लाइन खरखरत होती. "कुठलं म्हणालास?" "हॅवरफर्ड, ताई." पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग अशी किंकाळी की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पाच मिनिटांत ‘आपली माणसं’ ग्रुपवर आत्याचा मेसेज: आपली छकुली हार्वर्डला!!! खाली पेढ्यांची, हारांची, हात जोडल्याची चित्रं, बेचाळीस. एका मावसमेव्हण्याने, ज्याने आमच्या लग्नातसुद्धा मला ओळख दाखवली नव्हती, ‘अभिमान आहे’ असं लिहिलं.

लेक म्हणते, बाबा, आत्ताच्या आत्ता खरं काय ते लिहा. लिहितोच आहे. मंगळवारपासून लिहितो आहे.