बंबफोड जास्तीची

कोकणातल्या एका आडगावच्या ‘वारसा-घरा’चं दरपत्रक हल्ली फोनाफोनी फिरतंय. खोली, न्याहारी, माशाचं ताट, बैलगाडीतून फेरी. याबद्दल काही म्हणणं नाही. लोणावळ्याच्या घाटात अडकून धुक्याऐवजी पुढच्या गाडीचा धूर बघण्यापेक्षा माणसं आडवाटेला वळताहेत, हे बरंच. सातवं कलम मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं: ‘पारंपरिक बंबस्नान. प्रत्येकी 400 रुपये. बंबफोड जास्तीची लागल्यास आकार वेगळा.’

जास्तीची लागल्यास! म्हणजे पाहुण्याने दुसऱ्यांदा साबण लावला की मीटर पडला. पण ही बंबफोड मोजणार कशी? नगावर की वजनावर? फणसाची ढलपी आणि आंब्याची ढलपी एकाच भावाने? करवंट्या आणि सोडणं वापरली तर काही सूट? आणि कर कशावर लावायचा, लाकडावर की धुरावर?

हे पैसे देणारा गृहस्थ तुमच्या ओळखीचा आहे. त्याच्या आजोबांचा बंब त्याच्या वडिलांनी मोडीत घातला, तांब्याचे आले त्यात भर घालून गीझर बसवला आणि घरादाराने हुश्श केलं. वडिलांनी किलोच्या भावाने विकलेली वस्तू चिरंजीव आता बादलीच्या भावाने परत घेताहेत.

आमचा हिंजवडीचा भाचा हे स्नान करून आला. न्हाणीघरात चिऱ्याची भिंत, कोनाड्यात पणती, घासूनपुसून लखलखीत केलेला बंब, पितळी तोटी. त्याने आधी बंबाचा फोटो काढला, मग बंबासह स्वतःचा, मग साबण लावला. आणि पाणी संपलं. आता जुन्या घडणीच्या बंबाचा कायदा असा की, वरून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम येत नाही. जेवढं ओताल तेवढंच मिळेल. हे दरपत्रकात लिहिलेलं नव्हतं. भाच्याने तोटी डावीकडे फिरवून पाहिली, उजवीकडे फिरवून पाहिली. मग डोळ्यांत साबण आणि धूर एकदमच गेल्यावर त्याने ‘हॅलो’ अशी हाक मारली. कुणाला मारली, ते त्यालाही माहीत नव्हतं. पंचा गुंडाळून मोबाइल हातात घेतला, तर रेंज नाही. ती नसणं हे त्याच दरपत्रकातलं पाचवं कलम होतं, ‘मनःशांती’ या नावाखाली. शेवटी मागच्या दाराने एक बाई कळशी घेऊन आल्या, तोंड फिरवून बंबात पाणी ओतलं आणि गेल्या. तोटीतून गरम पाणी आलं. भाचा म्हणतो, ‘मामा, काय ऑथेंटिक वाटलं!’

वाटणारच. त्या घरातली तेवढीच एक गोष्ट ऑथेंटिक होती.

बाकीच्याचं काय सांगावं! ओटीवर फलक आहे: ‘तीनशे वर्षांपूर्वीचं मूळ कौलारू छत.’ मंगळुरी कौलांचा कारखाना मंगळुरात 1865 साली निघाला. या घराच्या कौलावर कारखान्याचा शिक्का उठून दिसतो, मान वर केली तर वाचताही येतो. पण ते सोडा. फलकाखाली पगडीवाल्या, टोपीवाल्या पुरुषांचे सहा फोटो आहेत आणि ‘सहा पिढ्यांचा वारसा’ अशी ओळ आहे.

आणि बंब कोण पेटवत होतं? पगडीवाले? अहो, असल्या घरांत त्या बंबापाशी लाल आलवणातली एक बाई असायची. कुणाची आत्या, कुणाची काकू. घर झोपलेलं असताना ती विहिरीवर जायची, कळश्या आणायची, चुडतं पेटवून बंबाला जाळ लावायची आणि पंधरा-वीस माणसांची न्हाणी होईपर्यंत वरून ओतत राहायची. तिची स्वतःची अंघोळ सगळ्यांच्या आधी, गार पाण्याने व्हायची, कारण बंब अजून पेटायचा असे. पिढ्या मोजल्या, कळश्या कुणी मोजल्या नाहीत. तांबं घासून ओटीवर मांडलंत, पण ते चिंच आणि राख लावून जिने जन्मभर घासलं, तिचा एक फोटो तुम्हाला मिळाला नाही? मिळणार कसा? तिला फोटोला उभं कुणी केलं होतं?

आज भाच्यासाठी कळशी घेऊन आलेल्या मावशींचं वेगळं काय आहे? धुराने बायकांचे डोळे आणि छाती जाते म्हणून 2016 साली उज्ज्वला योजना निघाली. मावशींच्या घरी तिचा सिलिंडर आहे. घरचा धूर सुटला आणि नोकरीत पुन्हा मिळाला, पाहुण्यांच्या अनुभवासाठी. त्यांचा मुलगा मुंबईला. मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतोच आहे, त्यामुळे तो गणपतीला निघतो आणि बहुधा आरतीनंतर पोचतो. गावात पोरंच उरली नाहीत, म्हणून गाव शांत. त्या शांततेचेही पैसे दरपत्रकात लावलेले आहेतच.

भाच्याने व्यवस्थापकाला विचारलं होतं, या 400 मधले मावशींना किती? तो हसून म्हणाला, ‘मावशी आमच्या घरच्याच आहेत.’ महाराष्ट्रात हे वाक्य ऐकलं की पगाराची चौकशी तिथेच थांबवायची असते.

माझी एक सूचना आहे. आठवं कलम घाला: ‘बंब पेटवण्याचा अनुभव. पहाटे चार. विहीर, कळशी, करवंट्या, धूर. घरातल्या शेवटच्या माणसाचं न्हाणं होईपर्यंत जागा सोडता येणार नाही. 1,200 रुपये.’ बघा किती नोंदण्या होतात. एकही झाली नाही, तर त्या कामाचा बाजारभाव तुम्हाला कळलाच, म्हणजे हौस म्हणूनही ते करायला कुणी तयार नाही. तेव्हा 400 मधले 300 मावशींच्या हातात रोख ठेवा. घरच्याच आहेत, पैसा घरातच राहील.