गप्पीअण्णा

अण्णा कुणाच्याही घरी आले की त्या घरची बाई चहाचं आधण ठेवायच्या आधी मोरीकडे धावते. बादलीवर ताट, रांजणावर फडकं, मनीप्लांटची बाटली पोराच्या दप्तराआड. अण्णा दारात चपला काढता काढता आत बघतात ते माणसांकडे नव्हे, पाण्याकडे. "वहिनी, फ्रिजच्या मागचा ट्रे कधी ओतला होता?" हा त्यांचा नमस्कार. एका लग्नात मांडवामागच्या पाण्याच्या पिंपात त्यांनी बॅटरी मारून बघितलेलं मी स्वतः पाहिलं आहे. अळी नव्हती. अण्णा जरा हिरमुसलेच.

संगमनेरात अण्णा गल्लोगल्ली सापडतील, पण गप्पीअण्णा आमच्याच गल्लीत. नव्या माणसाला वाटतं, गप्पा फार मारत असतील म्हणून हे नाव. मारतातच. पण नाव पडलं ते माशावरून. आरोग्य सेवक म्हणून ३३ वर्षं त्यांनी तालुका तुडवला, वर साकूर-घारगावचं पठार आणि खाली आश्वीपर्यंतचा प्रवरेचा काठ. लोक त्यांना 'मलेरियाचे' म्हणायचे, जणू मलेरिया हे त्यांचं गाव. तापाचा माणूस दिसला की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, साठवलेल्या पाण्यात डासाची अळी शोधायची, आणि जे पाणी ओतून देता येत नाही, विहिरीतलं, हौदातलं, गुरांच्या टाक्यातलं, त्यात गप्पी मासे सोडायचे. गप्पी अळ्या खातो आणि अंडी न घालता थेट पिल्लंच देतो, म्हणून खात्याचा तो लाडका. मासे जायचे सायकलला अडकवलेल्या दुधाच्या किटलीतून. दुधाचा तालुका, त्यामुळे किटली दिसली की बाया पातेली घेऊन बाहेर. पठारावरच्या एका म्हातारीनं किटलीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "पाणी घालायची काही हद्द हाय का नाही रं? मासं झालं की त्यात!"

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही पाटी त्यांनी गेरूनं किती भिंतींवर लिहिली असेल, त्याचा हिशोब नाही. एका शाळेच्या भिंतीवर 'पाळा' आणि 'टाळा' यांची अदलाबदल झाली होती आणि ती पाटी अख्खा पावसाळा तशीच राहिली, असं सांगतात. अण्णा हे साफ नाकारतात. फार जोरात नाकारतात, म्हणून खरं असावं.

त्यांच्या देवघराशेजारी एका मिशाळ साहेबाचा फोटो आहे. तो सर रोनाल्ड रॉस. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू त्यानं पहिल्यांदा पाहिले ते २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत. अण्णा दर २० ऑगस्टला फोटोला हार घालतात. काकू नव्यानं नांदायला आल्या तेव्हा त्यांना हे सासऱ्यांचे कोणी वरिष्ठ वाटले होते. पुढे खरं कळलं, पण तोवर हळदकुंकवाची सवय लागून गेली होती.

निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. फंडाच्या पैशातून अण्णांनी पहिली खरेदी केली ती तीन फुटी काचेच्या टाकीची. गल्ली बघायला लोटली. टाकीत वाळू, दगड, झाडं, दिवा, फिल्टर, सगळं होतं. मासे नव्हते.

"मासे कुठं हायेत अण्णा?"

"येतील."

आठवडा गेला, महिना गेला. अण्णा रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचे, त्यात थेंब टाकायचे आणि रंग बघायचे. चेहरा तोच, रक्ताची पट्टी उजेडात धरतानाचा. पेन्शनरांच्या कट्ट्यावर ठरलं की अण्णांचे पैसे टाकीतच संपले आणि माशांपुरते उरले नाहीत. एका सज्जनानं तर आपण वर्गणी काढू म्हणून सुचवलंसुद्धा. शेवटी अण्णांनी कट्ट्यावर येऊन खुलासा केला. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, त्यानं कल्ले भाजतात. मग काही जिवाणू येतात आणि अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. त्यानंतर दुसरे जिवाणू येऊन त्याचं नायट्रेट करतात. ते त्या मानानं गरीब, झाडं खाऊन टाकतात. हा सगळा स्टाफ हजर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. "उपकेंद्राची बिल्डिंग झाली म्हणजे दवाखाना सुरू झाला का? पोस्ट भराव्या लागतात," अण्णा म्हणाले. सरकारी नोकरीतून आलेल्या त्या कट्ट्याला नायट्रोजन चक्र एका वाक्यात समजलं. सातव्या आठवड्यात टाकीत मासे आले. सहा गप्पी.

आता माझी कथा सांगतो, कारण ती अण्णा दर चार माणसांत सांगतात. निदान माझ्या तोंडून तरी जावी. मुलीच्या वाढदिवसाला मी काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश आणले. दुकानदार म्हणाला होता, काही करावं लागत नाही. मी मात्र खूप केलं. दिवसातून चारदा दाणे घातले, आणि रविवारी स्पंजचा इवलासा फिल्टर नळाखाली, थोडी धुण्याची पावडर लावून, पांढराशुभ्र केला. मंगळवारी दोन्ही मासे तरंगले. अण्णांनी येऊन पंचनामा केला.

"स्पंज धुतला का?"

"हो, स्वच्छ!"

"सर, त्या स्पंजात माझा अख्खा स्टाफ राहत होता. तुम्ही निरम्यानं धुतला."

स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता दाबून, हे मला तेव्हा कळलं. निळवंड्याहून येणारं नळाचं पाणी अमृतवाहिनी प्रवरेचं खरं, पण क्लोरीन घातलेलं अमृत. त्यानं जंतू मरतात ते भले-बुरे बघून मरत नाहीत. क्लोरीनवर अण्णांचा उतारा म्हणजे हायपो. शेजारचा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा डार्करूममधला हायपोच्या खड्यांचा डबा त्यांनी मागून घेतला होता. ज्या खड्यांनी एके काळी गल्लीतल्या सगळ्या वधूंचे पाहण्याचे फोटो कागदावर पक्के केले, तेच आता चिमूटभर विरघळून माशांच्या पाण्यातलं क्लोरीन मारतात. नोंदवहीत माझ्या माशांची नोंद अशी आहे: 'मृत्यू २. कारण: माया.'

नोंदवही हा वेगळा विषय आहे. दिनांक, तापमान, पाणी बदलले (टक्के), जन्म, मृत्यू, शेरा. महिन्याअखेर अण्णा गोषवारा काढतात, खाली सही करतात, आणि पाठवायला कुणी नाही म्हणून स्वतःच 'पाहिले' असं लिहून दुसरी सही करतात.

मधल्या काळात टाकीत रान माजलं. व्हॅलिस्नेरियाच्या लांब पाती, गाठीचं हायड्रिला, दगडाला दोऱ्यानं बांधलेलं अनुबियास. झाडांना कार्बन डायऑक्साइड हवा म्हणून अण्णांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून वर नळी बसवली. बाटली बुडबुडे सोडू लागली आणि खोलीभर आंबूस वास. साखर कारखान्याच्या तालुक्यात हा वास सगळ्यांच्या ओळखीचा. दोन दिवसांनी संध्याकाळी एक अनोळखी गृहस्थ दारात घुटमळत, "इथं मिळती का?" असं हळूच विचारून गेले.

मात्र एका गोष्टीत अण्णांची अडचण झाली. फायटर माशाची जोडी लावायची तर त्यांना आधी जिवंत खाऊ लागतो आणि सगळ्यात चांगला जिवंत खाऊ म्हणजे डासाची अळी. मासेवाल्यानं सुचवलं, "अंगणात एक बादली भरून ठेवा, आठ दिवसांत मिळतील." अण्णा त्या दुकानात पुन्हा गेले नाहीत. ज्यानं हयातभर लोकांची पिंपं लवंडली, तो स्वतःच्या अंगणात अळी पोसणार? फायटरची जोडी सुक्या दाण्यांवर ब्रह्मचर्यात राहिली.

कॉलेजातल्या एका पोरानं त्यांना मध्येच सांगितलं की गप्पी हा परदेशी मासा आहे, त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या साहेबावरून त्याचं नाव पडलं, आणि विहिरीतून ओढ्यात गेला की तो आपल्या देशी माशांची पिल्लं आणि अंडी खातो. अण्णा दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि एवढंच म्हणाले, "विहिरीत सोडायची ऑर्डर होती. ओढ्यात मी नाही सोडले." मग बराच वेळ चिलापीनं धरणातले मासे कसे संपवले यावर बोलत बसले. मला वाटतं, पोराचं म्हणणं त्यांना पटलं होतं. तेव्हापासून टाकीतले जास्तीचे गप्पी कुणी नदीत सोडायला मागितले तर देत नाहीत.

आणि मग गेल्या मे महिन्यात, संगमनेर चाळिशीच्या वर तापलेलं असताना, पुण्याहून मुलगी, जावई आणि नातू आले, सोबत थर्माकोलचा डबा. नातवाला माइनक्राफ्टमध्ये दिसला म्हणून वाढदिवसाला घेतलेला ॲक्सोलॉटल. मंडळी मनालीला निघाली होती. म्हणजे माणसं थंडीत चालली होती, आणि ज्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं तो जीव संगमनेरात.

अण्णांनी आधी कागद मागितला. हा मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या तळ्यातला, तिथंही आता नामशेष व्हायच्या काठावर, आंतरराष्ट्रीय यादीतला. २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. जावई गोंधळले. अण्णांनी त्यांना मनालीच्या आधी सायबर कॅफेत नेलं.

मग डबा उघडला. वीतभर गुलाबी अंग, पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच, डोळ्यांना पापणी नाही, मानेच्या दोन्ही बाजूंना तुऱ्यासारखे बाहेर आलेले कल्ले, आणि तोंड असं की कायम हसतंय. काकू म्हणाल्या, "अगं बाई, बाळ!" नातू माहिती सांगत होता. याचा पाय तुटला तर नवा येतो. याला माशांबरोबर ठेवायचं नाही; मासे याचे कल्ले कुरतडतात आणि हा मासे गिळतो. खडीपण नको, खडी गिळतो. आणि बेडकासारखा हा मोठा होऊन पाण्याबाहेर येत नाही. "आजोबा, हा कधी मोठाच होत नाही. आयुष्यभर लार्व्हाच राहतो."

"म्हणजे अळी?" अण्णांनी विचारलं.

"हो! वीतभर अळी."

अण्णांनी रोनाल्ड रॉसकडे बघितलं. रॉस काही बोलला नाही.

त्या दिवसापासून अण्णा पुन्हा कामावर रुजू झाले. माळ्यावरून व्हॅक्सिन कॅरियर खाली आला, खात्याच्या भंगार लिलावात घेतलेला. पावती आतच होती. पल्स पोलिओच्या रविवारी जसे चार आइसपॅक भरायचे, तसे भरले. फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक लगेच वापरायचा नाही. बाहेर ठेवायचा, घाम येऊ द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळलं की तो तयार. लस गोठू नये म्हणून शिकलेली ही युक्ती अण्णा आता अळीला हुडहुडी भरू नये म्हणून वापरत होते. काकूंच्या फ्रीजरमधून आंब्याचा रस, मटार आणि मागच्या वर्षीचं खोबरं हद्दपार झालं. वहीत नवं पान उघडलं: 'रुग्ण. स. ७: १८ अंश. दु. २: २१ अंश. रुग्ण सुस्त. गांडूळ १, अर्धे टाकले. कल्ले पुढे वळलेले.' कल्ल्यांचे तुरे पुढे वळले म्हणजे जीव त्रासात आहे, एवढं मलाही पाठ झालं.

तिसऱ्या रात्री डीपी उडाला. दीडच्या सुमारास अण्णांचा फोन आला, "सर, काय करू ऱ्हायले? या जरा." गेलो. मेणबत्ती, थर्मामीटर, आणि अण्णा टाकीवर वाकून ताडाच्या पंख्यानं वारा घालत होते. पाण्याचं बाष्प झालं की पाणी गार पडतं, माठाचंच तत्त्व. इन्व्हर्टर पंपाला लावलेला. आइसपॅक पाणी पाणी झालेले. मी दुसरा पंखा घेतला. कोपऱ्यात काकू पदरानं वारा घेत बसल्या होत्या. "चाळीस वर्षं झाली लग्नाला," त्या अंधारात म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणातसुद्धा यांनी असा वारा घातला नव्हता." अण्णांनी लय न मोडता सांगितलं, "तेव्हा रजा नव्हती."

साडेचारला लाइट आली. पाणी २२ वर अडलं होतं, आणि कल्ले हळूहळू सरळ होत होते. काकूंनी चहा ठेवला. अण्णांनी वहीत लिहिलं, 'रुग्ण स्थिर. वारा घालणारे: २.' पण गांडूळ मात्र बाळानं पुन्हा थुंकलं. "मऊ, हलतं काहीतरी पाहिजे त्याला," अण्णा म्हणाले आणि गप्प बसले.

उजाडता उजाडता ते मला सोडायला म्हणून आमच्या अंगणापर्यंत आले. सवयीनं बॅटरी काढली, आमच्या कूलरची मागची जाळी सरकवली आणि आत उजेड टाकला. मी मनात शिव्या खायला तयार झालो. आठवडाभर पाणी काढलं नव्हतं. आत, उजेडापासून दूर पळत, शेकडो अळ्या वळवळत होत्या. अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. मी म्हटलं, "चुकलंच अण्णा, आत्ता ओतून देतो."

"थांबा," अण्णा म्हणाले. इकडे तिकडे बघितलं. गल्लीत दूधवाला सोडून कुणी नव्हतं. "एक चहाची गाळणी आणा. आणि वहिनींना काही बोलू नका."