भोपळे, बूट आणि मार्गेरीत गाय: या फ्रेंचांना झालंय तरी काय?

काय म्हणावं या लोकांना? चार वर्षं पॅरिसच्या रस्त्यांवर जर्मन बूट वाजले, भाकरी-लोण्याला रेशनच्या रांगा लागल्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली केली. अशा गोष्टी आठवून माणसाने डोळे पुसावेत की नाही? आणि ही मंडळी काय करतात? पोट धरधरून हसतात! तेही एकदा हसून गप्प बसतील तर शपथ. जरा सुट्टी आली, आजी आणि नातवंडं एका खोलीत जमली, की लागलाच टीव्हीवर ‘ला ग्रांद व्हाद्रुय’. साठ वर्षं जुना पिक्चर! काही जनाची नाही तर मनाची?

१९६६ च्या डिसेंबरात दिग्दर्शक जेरार उरीने हे खूळ फ्रान्सच्या डोक्यात सोडलं. तिकिटं किती खपावीत? १ कोटी ७२ लाखांच्या वर! देशाची तेव्हाची लोकसंख्या साधारण पाच कोटी, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. पाळण्यातली पोरंही नेली होती की काय? हा विक्रम मोडायला १९९८ मध्ये ‘टायटॅनिक’ला अख्खं जहाज बुडवावं लागलं. आणि फ्रेंच पिक्चरांपुरता तर तो २००८ पर्यंत कुणाच्या बापाला हलला नाही.

बरं, एवढं आहे तरी काय त्यात? १९४२ साल. पॅरिसवर इंग्रजांचं विमान पडतं, तीन वैमानिक छत्र्या उघडून खाली येतात. एक ऑपेराच्या छपरावर, एक थेट रंगाऱ्याच्या परांचीवर आणि तिसरा, झुपकेदार मिशांचा टेरी-थॉमस, प्राणिसंग्रहालयात! पुन्हा भेटायचं कुठे, तर हमामखान्यात. खूण काय, तर ‘टी फॉर टू’ची शीळ. आता त्या वाफेत, कमरेला पंचा गुंडाळून शिट्ट्या मारत फिरणारी बापई माणसं बघून हसू येतं म्हणे. आम्हाला नाही हो आलं. म्हणजे, पहिल्या वेळी नाही आलं.

या इंग्रजांना वाचवणारे वीर तर काय वर्णावेत! लुई द फ्युनेस हा ऑपेराचा वाद्यवृंद-संचालक. बेर्लिओझची तालीम घेताना आणि एरवीही सदा नाकाच्या शेंड्यावर राग. बुरविल हा साधाभोळा रंगारी. पाय दुखले की संचालकसाहेब या गरिबाचे बूट गोड बोलून लाटतात, आणि भिंतीवरून उतरताना जे त्याच्या खांद्यावर बसतात ते उतरायचं नावच काढत नाहीत! देश पारतंत्र्यात, मागे जर्मन लागलेले, आणि यांचं भांडण बुटांवरून! पाठलागावरच्या मोटारसायकलवाल्यांवर भोपळे फेकायचे? तिरळ्या जर्मन सैनिकाने नेम धरून आपलंच विमान पाडायचं? अरे, हे युद्ध आहे की गावजत्रा?

एकाच पिक्चरवर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. १९५६ मध्येच ‘ला त्राव्हेर्से द पारी’ येऊन गेला होता: काळ्या बाजारातला डुक्कर कापून चार सुटकेसांत भरायचा आणि रात्रीच्या अंधारात पॅरिसच्या या टोकाकडून त्या टोकाला पायी पोचवायचा. वा रे देशसेवा! १९५९ च्या पिक्चरमध्ये फर्नांदेल हा युद्धकैदी जर्मनीतून पळाला, तो कसा? हातात दुधाची बादली आणि सोबत मार्गेरीत नावाची गाय. गाय घेऊन चालणाऱ्याला कोण अडवणार? सगळा जर्मनी असा तुडवला, मायदेशी पोचला, आणि पोलिसांना चुकवायला चढला तो नेमका जर्मनीकडे जाणाऱ्या गाडीत! यावरही लोक हसले.

आता खरी गोम ऐका. युद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये ज्याला विचारावं तो म्हणे, ‘मी तर गुप्तपणे जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारात होतो.’ सगळेच जर प्रतिकारात होते, तर चुगल्यांची पत्रं काय भुतांनी लिहिली? असल्या अवघड प्रश्नापुढे भित्रा रंगारी आणि चिडका संचालक धावून आले. वीरबीर काही नाहीत, घाबरतात, कुरकुरतात, पण शेवटी योग्य तेच करतात. असा पूर्वज कुणाला नको? १९८३ च्या ‘पापी फे द ला रेझिस्तांस’ने तर त्या प्रतिकाराच्या फुशारक्यांचीच टोपी उडवली. त्यावरही हसले, बिलंदर कुठले!

आणि आजचा सुशिक्षित फ्रेंच? त्याला विचारा. खांदे उडवून म्हणेल, ‘असले पिक्चर मी बघत नाही हो, टीव्ही चालू होता म्हणून नजर गेली.’ भोपळ्यांचा प्रसंग मात्र क्रमवार सांगेल. कुठे ऐकलंय बरं हे? ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की आपल्याकडेही टीव्ही असाच आपोआप चालू असतो, नाही का?

तेव्हा फार नाकं मुरडू नका. युद्धानंतर सगळेच प्रतिकारात होते, तसे आज आपणही सगळे या वेडाच्या विरोधातच आहोत. फक्त परवा तुमच्या न्हाणीघरातून, भरपूर वाफेतून, ती ‘टी फॉर टू’ची शीळ कोण घालत होतं, तेवढं सांगा.