मा. विकासक महोदय, आमचं बेसमेंट भरलं



परवाच्या पावसात आपल्या दुमजली बेसमेंटमध्ये कमरेइतकं पाणी साचलं, त्याबद्दल प्रथम हार्दिक अभिनंदन. माहितीपत्रकात ‘वॉटर बॉडी’ छापली होती. ताबा घेतल्यापासून आम्ही ती शोधत होतो.

पुण्याची जमीन म्हणजे काळा कातळ. आपण तो ब्रेकर लावून फोडलात, तेव्हा शेजारच्या चाळीच्या भिंतींना तडे गेले. कातळातल्या खड्ड्यातलं पाणी सहजासहजी मुरत नाही. नानासाहेब पेशव्यांना शहरातले हौद भरायला कात्रजहून पाणी आणावं लागलं. आपला हौद रॅम्पवरून आपोआप भरतो. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, आपलं गेट होतं तिथेच राहिलं, आणि रॅम्पच्या तोंडाशी एक उंचवटा बांधण्याइतकं सिमेंट काही आपल्याकडे उरलं नाही.

पाणी उपसायचा पंप सर्वांत खाली असतो, हे मला समजतं. पण त्याचं पॅनेलही तिथेच? जनरेटरही? म्हणजे पाणी आलं की आधी पंप बंद पडणार, मग गाड्या बुडणार. विम्याचं विचाराल, तर पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं आणि इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसलं, की कंपनी सहसा हात वर करते.

खाली मोबाईलला रेंज नाही, वळणावर दर आठवड्याला कुणाचा तरी बंपर खरवडतो, ते सोडा.

त्या रात्री मेन स्विच पाडायला वॉचमन खाली उतरला. कमरेइतक्या पाण्यात, हातात बॅटरी घेऊन. पाण्यात करंट आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. मला इथे विनोद सुचत नाही, साहेब. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी भरून तीन विद्यार्थी गेले. ती बातमी आपणही वाचली असेल. तरीही पॅनेल खालीच! तुमच्या साइट ऑफिसातला एसी पहिल्या मजल्यावर बसवता आला, मग हे पॅनेल का नाही?

वरच्या मोकळ्या जागेतल्या पाहुण्यांच्या गाड्या मात्र कोरड्या ठणठणीत आहेत. फुकटची जागा ती. उघडं पार्किंग विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. रेराच्या नियमांत छपराखालचं विकता येतं. तेव्हा आमच्या गाड्या पाताळात का गेल्या, हे कळायला गणिताची फार गरज नाही.

तरी आपली थोडी कीवही येते. गाड्यांची संख्या नियमात ठरलेली, बेसमेंटमधलं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, आणि बुकिंगला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, ‘दोन पार्किंग मिळतील ना?’ पाणी कुठून येईल, कुठून जाईल, हे विचारणारं एकही गिऱ्हाईक आपल्याला भेटलं नसेल. कातळ फोडायला बक्कळ पैसा लागतो, तो वसूल कसा करणार बिचारे आपण!

असो. पॅनेल आणि जनरेटर या आठवड्यात वर घ्या, रॅम्पवर उंचवटा घाला. वॉचमनला पाण्यात उतरायला आम्ही यापुढे सांगणार नाही. पुढच्या वेळी फोन आपल्याला येईल, मध्यरात्री असला तरी. पाहणीला याल तेव्हा गाडी खालीच लावा, पाहुण्यांच्या जागेत नको.

आपला,
बी विंगमधला एक गाडीमालक (गाडी सध्या गॅरेजमध्ये)