लाल कार्ड मिळालं? घाबरू नका!

रग्बी खेळताना तुमचा खांदा समोरच्याच्या डोक्यावर आदळला आहे. आता खरा खेळ सुरू.

पंच छातीपाशी हातांची फुली करतील. तुम्ही पिवळं कार्ड घेऊन दहा मिनिटं बाहेर बसा. ‘बंकर’मधला अधिकारी आठ मिनिटांत चित्रण तपासून कार्ड पिवळंच ठेवतो, नाहीतर लाल करतो.

शक्यतो रविवारी खेळा. ९ सप्टेंबर २०२३च्या शनिवारी, विश्वचषकात, मार्सेलच्या मैदानावर इंग्लंडचा टॉम करी अशाच धडकेसाठी तिसऱ्याच मिनिटाला बाहेर गेला; कार्ड लाल झालं, वर बंदी. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा जेसी क्रिएल स्कॉटलंडच्या जॅक डेम्प्सीच्या डोक्यावर आदळला. कार्ड नाही, नंतर सुनावणीही नाही. तिकडे तुलूजमध्ये चिलीच्या कर्णधाराचं पिवळं कार्ड पिवळंच राहिलं. (अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या सॅम केनला लाल कार्ड मिळालं ते या क्रिएलच्याच डोक्याला लागल्यामुळे. तो सामना मात्र शनिवारी होता.)

सुनावणीला टाय लावून जा. डोक्याला मार म्हणजे हिशेब किमान सहा आठवड्यांपासून. चूक कबूल करा, पश्चात्ताप दाखवा, आजवरचं वर्तन स्वच्छ असेल तर सांगा. निम्म्यापर्यंत सूट मिळते. वजाबाकी इथे अगदी चोख होते. गुन्हा घडला की नाही, एवढंच काय ते नक्की नसतं.

ते कसं, हे इंग्लंडच्या ओवेन फॅरेलकडून शिका. ऑगस्ट २०२३मध्ये ट्विकनहॅमला वेल्सच्या टेन बॅशमला त्याने खांदा मारला. बंकरने कार्ड लाल केलं. तीन ऑस्ट्रेलियन सदस्यांच्या समितीने ते रद्द केलं: म्हणे, फॅरेलचाच सहकारी जेमी जॉर्ज याच्या धक्क्याने बॅशमची दिशा ऐनवेळी बदलली. मग जागतिक रग्बी संघटनाच या निर्णयाविरुद्ध अपिलात गेली. अपील समितीला दिसलं की फॅरेलने हातांनी वेढा घालायचा प्रयत्नच केला नव्हता. तेच चित्रण, आता चार सामन्यांची बंदी! त्यातला आयर्लंडविरुद्धचा सामना निकालाआधीच होऊन गेला होता. तोही त्याच्या खात्यात धरला.

शेवटची सोय टॅकल शाळेची. टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला पकडून पाडायला, नीट शिकलात की बंदीतला शेवटचा सामना माफ. फॅरेलने हा अभ्यासक्रम त्याच वर्षी जानेवारीत पूर्ण केला होता.